थांबायला एक बेल, निघायला दोन

आमच्या गच्चीला मी कठडा बांधला नव्हता.

कारण साधं होतं. वर दुसरा मजला चढवायचाच आहे, मग कठडा बांधून पुन्हा पाडायचा कशाला? हा युक्तिवाद मी वर्ध्याच्या बोरगाव मेघेतल्या अर्ध्या गल्लीला शहाणपण म्हणून ऐकवला होता. स्लॅबच्या कोपऱ्यांवर सळया उभ्या होत्या, त्यांना गंज चढत होता, आणि मजला दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होता.

त्या गच्चीवरून माझी बायको पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "डी-ट्वेल्व्ह बर्स्ट फ्रॅक्चर. कम्प्लीट स्पायनल कॉर्ड इंज्युरी." मग माझ्या तोंडाकडे पाहून ते मराठीवर आले. छातीच्या मागच्या मणक्यांतला सगळ्यात खालचा, बारावा मणका चेंदला गेला आहे. मणक्यांच्या आतून मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारी जी दोरी असते, ती दबली आहे. कम्प्लीट म्हणजे निरोप खाली जात नाही आणि खालचा वर येत नाही. पाय हलणार नाहीत, लागलेलं-पोळलेलं समजणार नाही, लघवी-संडास झाल्याचं कळणार नाही. याला पॅराप्लेजिया म्हणतात.

मी विचारलं, "दिवाळीपर्यंत होईल ना नीट?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "पडल्यावर यांना आणलं कसं?"

मी ते जरा अभिमानानेच सांगितलं. पळत खाली गेलो, काखेत हात घालून उठवून बसवलं, पाणी पाजलं, शेजाऱ्याला पाय धरायला लावले आणि ऑटोत मधोमध बसवून आणलं. मान पडत होती म्हणून खांद्यावर घेतली. ऑटोवाल्याला सारखं "हाण, हाण" म्हणत होतो.

"कणा मोडलेल्या माणसाला बसवत नसतात," डॉक्टर म्हणाले. "आहे तसं, फळीवर सपाट आणायचं."

"म्हणजे माझ्यामुळं..."

"सांगता येत नाही. पडतानाच झालं असेल. ऑटोत वाढलंही असेल. ते आता कधीच कळणार नाही."

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं माणूस उंचावरून पडलं, तर एवढं लक्षात ठेवा. उठवू नका, बसवू नका. पडलेल्याला पाणी पाजायची आपल्याकडे फार खोड आहे. तहान लागली तर ते पाणी तुम्ही प्या.

आता ती पडली कशी, तेही सांगून टाकतो. रंजनाने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि वांदरांपासून राखायला मला बसवलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वांदरं घरच्या माणसांसारखी येतात, फक्त चप्पल काढत नाहीत. मी टाकीच्या सावलीत डुलकी घेत होतो. ती वर आली, पाहते तर नवरा घोरतो आहे आणि वांदरं जेवत आहेत. तिने काठी उचलली. वांदरं पांगली, एक मोठा हुप्या मात्र उलट दात विचकून पुढे आला. ती एक पाऊल मागे सरकली. मागे कठडा असता तर तिला कठडा लागला असता.

मी एसटीत कंडक्टर. रंजना अंगणवाडी सेविका. आम्हाला मूलबाळ नाही. तिचा आवाज असा की तिने अंगणवाडीत "खाली बसा" म्हटलं की रस्त्यावरचे दोन-चार जण बसायचे.

ऑपरेशन झालं. मणक्यांना रॉड आणि स्क्रू लावले. डॉक्टरांनी आधीच बजावलं, "हे चालण्यासाठी नाही. त्यांना नीट बसता यावं म्हणून." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हे असंच म्हणतात, नंतर चालवतात. इतरांना तिकीट काढल्याशिवाय पुढे सरकू न देणारा माणूस स्वतःच्या मनाला मात्र फुकट कुठेही नेतो.

आर्वीहून माझी मोठी बहीण डबा घेऊन आली. वॉर्डात रंजनाच्या खाटेजवळच तिने मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन हातांवर.

"अजून वय काय गेलं तुयं? लेकरू नाई, बाळ नाई. हिले हिच्या मायजवळ ठेव, आन तुयं तू पाह्य. कोणी नाव नाई ठेवणार."

मी उत्तर देण्याआधी खाटेवरून आवाज आला, "ताई, माही कंबर मोडली. कान शाबूत हायेत."

बहिणीने डबा ठेवला आणि ती गेली. मी तिला अडवलं नाही, झापलंही नाही. भाजी चांगली होती, जेवलो.

सुटी होण्याआधी सिस्टरांनी मला शिकवणी दिली. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, ती कशी सांभाळायची. लॉग रोल म्हणजे पेशंटला ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, खांदा, कंबर, पाय एकाच वेळी. आणि दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. आपण झोपेत आपोआप वळतो, कारण एका जागी दुखायला लागतं. यांना दुखणारच नाही. मग त्या जागेचं रक्त थांबतं आणि कातडी मरते. त्याला प्रेशर सोअर म्हणतात, आपण म्हणतो शय्याव्रण. "वर नाण्याएवढा दिसतो, आत वाटीएवढा असतो," सिस्टर म्हणाल्या. फिजिओथेरपीच्या मॅडमनी शेवटी रंजनाला खाटेचा दांडा धरून स्वतः वळायलाही शिकवलं. ते मी गंमत म्हणून पाहिलं. मी असताना तिला कशाला त्रास?

घरी आल्यावर मी मोबाईलमध्ये आमच्या गाडीच्या बेलचा आवाज भरून घेतला आणि दर दोन तासांचा गजर लावला. एसटीत एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे निघ. गजर झाला, "टिंग", की मी तिला वळवायचो, उशा लावायचो, आणि तोंडाने म्हणायचो, "टिंग टिंग." पहिल्या दिवशी ती हसली. म्हणाली, "पुढचा स्टॉप कोणता जी?"

मी म्हणालो, "डावी कूस."

पहिल्या दिवसाचं हसणं नंतर पुरत नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मी ड्युटीवर असलो की शेजारीण येऊन तिला वळवायची, बाकी सगळं माझ्याकडे. पावसाळा सरेपर्यंत माझ्या अंगाला फिनाइल, पावडर आणि लघवीच्या पिशवीचा मिळून एक वास लागला होता. प्रवासी सुटे पैसे देताना हात लांब करून द्यायचे. तिला वळवताना मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. ती "हळू" म्हणाली की मला राग यायचा, कारण तिला कमरेखाली काही कळतच नव्हतं, मग हळू कशाला?

एका दुपारी ती फार गाढ झोपली होती. छाती हलताना दिसेना. मला आधी हलकं वाटलं, मग भीती वाटली. दोन्ही गोष्टी प्रत्येकाला वाटत असतील. माझी लाज त्यांच्या क्रमाची आहे.

त्यानंतर मी डेपोत जाऊन मुक्काम मागितला.

मुक्काम म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाते, रात्री तिथेच उभी राहते आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. ही ड्युटी कोणालाच नको असते. मी हिंगणीचा मुक्काम मागितला तेव्हा ड्युटी लावणाऱ्या साहेबांनी मला चहा पाजला. घरी येऊन मी कपाळाला हात लावला. "माणसं कमी हायेत वं. माह्यावर लादला मुक्काम."

रंजना म्हणाली, "लादला त जा लागनच."

रात्रीसाठी तिची माय येऊन राहिली. सासूबाईंचं वजन भिजलेल्या गोधडीपेक्षा कमी. त्यांना मी लॉग रोल शिकवला. त्या ओंडक्याला धरून स्वतःच लोंबायच्या. मी म्हटलं, जमेल हळूहळू. मला ते जमायलाच हवं होतं.

आणि हिंगणी! बोर धरणाकडून गार वारा यायचा. कोणीतरी गरम भाकर आणि झुणका आणून द्यायचं. मग मी मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचो आणि मला वाटेल त्या कुशीवर वळायचो. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कोणाला विचारून नाही, गजराने नाही. गजर मी घरी सासूबाईंच्या फोनवर लावून दिला होता आणि माझा रात्रीपुरता बंद करायचो. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग एके सकाळी मुक्कामाहून घरी आलो, तर घरात वास येत होता.

मी ओळखलं, उंदीर मेला. कपाट ओढलं, दिवाण उचलला, भांड्यांची मांडणी रिकामी केली. सासूबाई बॅटरी धरून उभ्या. रंजना खाटेवरून सूचना देत होती, "फ्रिजच्या मांगं पाहा जी, तथी जाते तो." फ्रिजमागे झुरळ होतं. मी माळ्यावर चढलो. अंघोळ न करता, जेवण न करता सगळी सकाळ मी उंदीर शोधत होतो. सापडला नाही तेव्हा सगळीकडे फिनाइल शिंपडलं. मग चादरही बदलून टाकू म्हणून रंजनाला कुशीवर केलं.

माकडहाडावर काळी कातडी होती आणि तिच्या कडेने वास बाहेर येत होता.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने विचारलं, "भेटला का?"

मी म्हणालो, "हो."

पुन्हा तोच दवाखाना. सर्जन म्हणाले, "स्टेज थ्री प्रेशर सोअर." म्हणजे जखम कातडीखालच्या चरबीपर्यंत गेली आहे. डिब्राइडमेंट करावं लागेल, म्हणजे मेलेलं मांस कापून काढायचं. भूलही फार लागणार नव्हती, कारण तिला दुखतच नव्हतं. तिला काहीच दुखलं नव्हतं, हेच तर सगळं होतं.

"रात्री यांना कोण वळवत होतं?" सर्जननी विचारलं.

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. उत्तर रंजनाने दिलं. "साहेब, याईची रात्रीची ड्युटी रायते. जबरदस्तीनं लावतात. माय हाय, पण म्हातारी."

सर्जन गेले. तेवढा वेळ माझा ड्रायव्हर गजू मोसंबीची पिशवी घेऊन खाटेपाशी उभा होता. गजू सरळ माणूस. त्याला गाडी वळवता येते, बोलणं नाही.

"जबरदस्ती कायची, वैनी? मुक्काम त कोणालेच नोको रायते. प्रदीपभाऊ सोताच मांगून घेते. परवा दुसऱ्याचाबी घेतला."

गजूने मोसंबी ठेवली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यातली दोन उचलून शेजारच्या पेशंटला द्यायला गेला.

"मले मालूम होतं," रंजना म्हणाली.

"मालूम होतं? मंग बोलली काऊन नाई?"

"काऊन बोलू? तुमी गेले का मलेबी सुटी. घरी राह्यले का दर दोन घंट्यानं तुमचं मयतीवरून आल्यावानी तोंड पाहा. मी रडाले लागली का तुमी माह्या आधी रडता. मंग मीच तुमाले चूप करू. तुमी मुक्कामाले गेले का मी मायजवळ पोटभर रडत होती. मंग मायले झोप लागे. तिचा जीव केवढा, कायले उठवू? गजर बंद करून देत होती मी."



"दोघांनीबी मजा केली जी," ती म्हणाली. "भोक मले पडलं."

मग ती शांतपणे म्हणाली, जशी अंगणवाडीत एखाद्या पोराला घरी पाठवायची तशी, "जायचं असन त जा. खरंच जा. ताईनं सांगितलं तसं करा. मी गावभर नाव नाई ठेवणार. पण हे थोडं रायनं आन थोडं पयनं नोको. अर्धी मी हावोच. वरून अर्धा नवरा घेऊन काय करू?"

सासूबाई तिच्याजवळ होत्या. मी दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन कपडे भरले आणि निघालो.

ज्याने आयुष्यभर गावांची नावं ओरडली, त्याला वर्ध्याच्या बसस्टँडवर कुठे जायचं हे सुचेना. आर्वी म्हणजे बहीण आणि तिने शोधून ठेवलेलं काहीतरी. नागपूर म्हणजे गर्दी. शेवटी पाय सवयीने हिंगणीच्या दुपारच्या गाडीत चढले. गाडी गजूचीच होती, कंडक्टर नवा होता. मी तिकीट काढलं आणि गजूच्या मागच्या सीटवर बसलो. कालच्या बोलण्यानंतर गजू जपून होता.

सेलू मागे पडलं. दोन्हीकडे कपाशी होती. मला वाटत होतं, आता मोकळं वाटेल. मी वाट पाहत होतो.

आणि माझ्या खिशात बेल वाजली. टिंग.

गजूने करकचून ब्रेक मारला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. नव्या कंडक्टरने मागून ओरडून विचारलं, "कोण उतरते?" कोणीच उठलं नाही. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. माझ्या शेजारी एक म्हातारी मांडीवर टोपली घेऊन बसली होती. तिने माझ्या खिशाकडे बोट केलं.

"बेल वाजवली त उतर ना बापा. आमाले कायले अटकवून ठेवलं?"

"उतरायचं नाई माय. गजर होय. बायकोले वळवायची येळ झाली."

"कोठी हाय बायको?"

"दवाखान्यात."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आन तू अथी."

मी उतरलो. मागे टिंग टिंग झालं. दोन बेल वाजल्या आणि मी गाडीत नाही, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. परतीच्या गाडीची वाट पाहत मी कपाशीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो. तिथे माझं मन बदललं, प्रेम दाटून आलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला फक्त एवढंच कळलं की मी हिंगणीला पोचलो असतो तरी खिशात दर दोन तासांनी ती वळलीच असती.

वॉर्डात पोचलो तर फिजिओथेरपीच्या मॅडम तिच्या खाटेपाशी होत्या. रंजनाने खाटेचा दांडा धरला होता, दात आवळले होते आणि स्वतःला ओढत होती. मी पिशवी टाकून धावलो.

"हात लावू नका!" मॅडम ओरडल्या.

मी हात हवेत धरून उभा राहिलो.

"यांचे हात चांगले आहेत. डी-ट्वेल्व्हच्या पेशंटला स्वतः वळता येतं. मागच्या वेळी शिकवलं होतं. घरी सराव का नाही केला?"

"मी वळवत होतो ना, मॅडम. त्याईले त्रास नको म्हणून."

"मग त्या शिकणार कशा? आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

माझ्या निष्ठेबद्दल माझं मत बरं होतं. ती चांगली नव्हती, पण निष्ठा होती असं मी धरून चाललो होतो. मॅडमनी दोन वाक्यांत त्या निष्ठेलाही जखमेसारखं साफ केलं.

रंजनाने पुन्हा दांडा धरला. खांदा वळला, मग कंबर आली, मग तिने हाताने एक पाय उचलून दुसऱ्यावर टाकला, जसं एखादं सामान टाकावं तसं. ती कुशीवर झाली. घामाने कपाळ भिजलं होतं. तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "टिंग टिंग."

मग तिची नजर माझ्या पिशवीकडे गेली. "कोठवर गेलते?"

"सेलूच्या पुढं."

"बस, तितकंच?"

जखम भरायला फार वेळ लागला. भरली, पण त्या जागेची कातडी अजून पातळ आहे, रोज आरशाने पाहावी लागते. ते आता ती स्वतः पाहते. खाटेला जुन्या लुगड्याची वेणी बांधली आहे, ती धरून ती वळते. रात्री गजर तिच्या उशाशी असतो. कधी कधी तो झाला की मी अर्धवट झोपेत उठून बसतो, आणि ती म्हणते, "झोपा जी, तुमचा स्टॉप नाई आला." व्हीलचेअरवरून ती अंगणवाडीत जाते. खुर्ची ढकलायला पोरांची मारामारी होते. "खाली बसा" अजून तसंच आहे.

ज्यांच्या घरी असं काही झालं आहे त्यांना माझ्याकडून एवढंच. पळावंसं वाटतं. मला आजही वाटतं. ते लपवलं की ते घरात कुठेतरी सडतं आणि आपण उंदीर शोधत बसतो. पळायचं तर सांगून पळा आणि मागची सोय लावून पळा. आणि आपल्या माणसाला जे करता येतं ते त्याच्या हातातून प्रेमाने काढून घेऊ नका. त्यालाही आपल्यापासून सुटका हवी असते, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

सिस्टरांचे, मॅडमचे, सासूबाईंचे उपकार आहेत. गजूचेही आहेत, त्याला सांगू नका, तो सगळीकडे बोलेल. आणि त्या टोपलीवाल्या म्हातारीचे. ती मला पुन्हा त्या मार्गावर दिसली नाही. दिसली तर तिचं तिकीट मी काढेन.

मुक्काम मी अजून करतो, पण आता विचारून. ती कधी "जा" म्हणते, कधी "आज नोको" म्हणते, कधी मी न विचारताच म्हणते, "आज तुमी जाच, तोंड पाहावत नाई."

परवा असाच निघालो होतो. ती अंगणात खुर्चीवर बसली होती. मधल्या काळात मी गच्चीला कठडा बांधून घेतला आहे. छातीएवढा, पक्का, वरून प्लास्टर केलेला. आता वर कोणीच जात नाही. सासूबाईंचे गुडघे चढत नाहीत, रंजनाचे पाय नाहीत, आणि कुरडया आम्ही विकतच्या आणतो. कठड्यावर वांदरं ओळीने बसली होती, ऊन खात, शेपट्या खाली सोडून. मी पिशवी खांद्याला लावून जरा वेळ माझ्या कामाकडे पाहत उभा राहिलो.

रंजनानेही वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"वांदरं पडतीन म्हून बांधला का जी?"